फुगलेल्या डब्याची जप्ती

फळांचा डबा फुगलेला दिसला तर गिऱ्हाईक तो घेत नाही आणि घरात सापडला तर फेकून देते. मग असे डबे पकडायला सरकारी अधिकारी, पंचनामा, सील आणि प्रयोगशाळा कशाला लागते? ते खाऊन कोणी आजारी पडलेले नसताना व्यापाऱ्याने पैसे मोजून घेतलेला माल सरकार ताब्यात कसा घेऊ शकते? आणि शंभर डब्यांतले पाचच फुगले असतील, तर उरलेल्या पंच्याण्णवांचे काय करायचे? खराब झालेल्या डबाबंद फळांच्या जप्तीविषयी हे तीन प्रश्न हटकून विचारले जातात. त्यांची अर्धी उत्तरे डब्याच्या आत आहेत, अर्धी कायद्यात. डबा आधी समजला की कायदा समजायला सोपा जातो.

१. डब्यात फळ टिकते कशामुळे

अन्न बंद भांड्यात घालून तापवले तर ते महिनोन् महिने टिकते, हे फ्रान्समधल्या निकोला अपेर या हलवायाने अनुभवातून शोधून काढले. त्याबद्दल फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले आणि १८१० मध्ये त्याने आपली कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अपेर काचेच्या बाटल्या वापरत असे; त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले गेले. अन्न टिकते का, याचे कारण मात्र अपेरला ठाऊक नव्हते. अन्न नासवणारे सूक्ष्मजीव उष्णतेने मरतात, हे लुई पाश्चरच्या प्रयोगांनी दाखवून दिले, आणि त्याला आणखी अर्धे शतक जावे लागले.

डबाबंद फळ तीन गोष्टींच्या आधारावर उभे असते. पहिली उष्णता. ती डब्यात आधीपासून असलेले जंतू मारते. दुसरी हवाबंद जोड. डब्याचे झाकण आणि अंग यांच्या कडा एकमेकींत दोनदा दुमडून दाबलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचे जंतू आत येत नाहीत. तिसरी फळाचा स्वतःचा आंबटपणा. तो पीएच या मापाने मोजतात. आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. ४.६ ही इथली महत्त्वाची रेषा आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि अत्यंत जहाल विष तयार करतो, पण ४.६ पेक्षा कमी पीएच असलेल्या पदार्थात त्याची वाढ होत नाही. बहुतेक फळे या रेषेच्या खाली असतात. म्हणून मटार किंवा मक्याचे डबे दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवावे लागतात, तर फळांच्या डब्यांचे काम उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर भागते. पिकलेली पपई, अंजीर आणि काही जातींचा आंबा या रेषेच्या जवळ किंवा वर जातो, तेव्हा सायट्रिक आम्ल घालून आंबटपणा वाढवावा लागतो.

कोकणात पेटीत भरण्याजोगा नसलेला, लहान किंवा डागाळलेला हापूस ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून वेगळ्या भावाने विकला जातो आणि त्याचा पल्प डब्यात जातो. डागाळलेला आंबा आणि सडका आंबा यांतला फरक निवडणाऱ्या हातांनाच करावा लागतो. पुढे जप्तीपर्यंत जाणाऱ्या काही प्रकरणांचे मूळ निवडीच्या या टेबलावर असते.

२. डबा बिघडतो कसा

डबा चार वेगवेगळ्या कारणांनी बिघडतो आणि प्रत्येक कारण वेगळ्या माणसाची चूक दाखवते. तपास करणाऱ्याला म्हणूनच ‘डबा खराब आहे’ एवढ्यावर थांबता येत नाही.

पहिले कारण अपुरी उष्णता. डबे कमी वेळ तापवले किंवा गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचली नाही, तर काही जंतू जिवंत राहतात. यीस्ट आणि काही जिवाणू साखर खाऊन वायू सोडतात आणि डबा फुगतो. बिसोक्लॅमिस नावाच्या बुरशीचे बीजाणू तर फळांच्या डब्यांना दिली जाणारी नेहमीची उष्णताही काही वेळा सोसतात. ती वाढली की फळाच्या फोडी विरघळून त्यांचा लगदा होतो. दोष तापवण्यात असेल, तर त्या खेपेतले पुष्कळ डबे एकसारखे बिघडतात.

दुसरे कारण गळती. जोड नीट बसली नाही, किंवा वाहतुकीत डबा आपटून कडेला चेपला, तर केसाहूनही बारीक फट पडते. तापलेला डबा थंड होताना आत निर्वात जागा तयार होते आणि फटीतून थंड करण्याचे पाणी आत खेचले जाते. ते पाणी अस्वच्छ असेल तर त्यासोबत जंतूही जातात. म्हणून चांगल्या कारखान्यात थंड करण्याच्या पाण्यातसुद्धा क्लोरीन घालतात. गळतीने बिघडलेले डबे सगळीकडे विखुरलेले सापडतात. एक फुगलेला, शेजारचे दहा धडधाकट.

तिसरे कारण रासायनिक आहे. आंबट रस डब्याच्या धातूला हळूहळू खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. डबा फुगतो, पण आत एकही जंतू नसतो. डबे फार दिवस किंवा फार उष्ण गोदामात पडून राहिले, अथवा आतला लेप खरचटला, की हे होते. अशा फळात कथिलाचे प्रमाण वाढू शकते. डबाबंद पदार्थांत किलोमागे २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कथिल नसावे, अशी मर्यादा आहे.

चौथे कारण सर्वांत फसवे, कारण त्यात डबा फुगतच नाही. फळ डब्यात जाण्यापूर्वीच सडलेले किंवा अळी पडलेले असते. उष्णतेने बुरशी मरते, अळीही मरते. पण सडलेला भाग सडलेलाच राहतो. डबा बाहेरून चकचकीत, उघडल्यावर वासही फारसा नाही. सडके टोमॅटो सॉसमध्ये खपवण्याचा प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या बर्टन हॉवर्ड या सूक्ष्मदर्शक-तज्ज्ञाने १९११ च्या सुमारास एक पद्धत बसवली: पदार्थाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि किती दृश्यक्षेत्रांत बुरशीचे तंतू दिसतात ते मोजायचे. समजा, १०० क्षेत्रे पाहिली आणि ६० मध्ये तंतू दिसले, तर बुरशीचे प्रमाण ६० टक्के. चांगल्या फळातही थोडे तंतू सापडतात, पण आकडा चढला की कच्चा माल सडका होता हे लपत नाही. पुढे हीच पद्धत फळांच्या रसांना आणि गरांनाही लागू झाली.

फुगण्याचेही टप्पे आहेत. कधी डब्याचे टोक बोटाने दाबले की आत जाते आणि दुसरे टोक बाहेर येते. पुढे दोन्ही टोके फुगतात पण अंगठ्याने दबतात. शेवटी ती इतकी ताठ होतात की दबतच नाहीत आणि डबा जोडीवर फुटू शकतो. पहिला टप्पा नेहमीच नासण्याचा नसतो. डबा काठोकाठ भरला असेल, किंवा समुद्रसपाटीवर भरलेला डबा लेहसारख्या उंच ठिकाणी नेला असेल, तरी बाहेरचा हवेचा दाब कमी पडून टोके किंचित वर येतात. उलट टोमॅटोच्या रसात वाढणारे काही जिवाणू वायू न सोडताच तो आंबवतात, म्हणजे नासलेला डबा सपाटच राहतो. डोळ्यांना दिसते ते संशयाला पुरते. निकाल प्रयोगशाळेतच लागतो.

३. कायदा ‘खराब’ कशाला म्हणतो

भारतात १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याने आणि फळांच्या पदार्थांपुरत्या १९५५ च्या फळ उत्पादने आदेशाने पूर्वी हा कारभार चाले. हे आणि असे इतर कायदे व आदेश एकत्र करून अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ करण्यात आला आणि त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली.

या कायद्यात सदोष अन्नाचे तीन मुख्य वर्ग आहेत. ‘असुरक्षित’ म्हणजे आरोग्याला अपायकारक ठरेल असे अन्न. घाणेरड्या, कुजलेल्या, सडलेल्या किंवा रोगट प्राणिज वा वनस्पतिज पदार्थाचे पूर्णतः किंवा अंशतः बनलेले अन्न, तसेच कीड-अळी लागलेले अन्न याच वर्गात येते. ‘कमी दर्जाचे’ म्हणजे ठरवून दिलेल्या मानकात न बसणारे, पण असुरक्षित नसलेले. ‘चुकीच्या लेबलचे’ म्हणजे डब्यावर एक आणि आत दुसरे, किंवा आवश्यक माहिती नसलेले.

डब्यांना लावून पाहिले की फरक उलगडतो. डब्याच्या पाणी मावण्याच्या क्षमतेच्या किमान ९० टक्के भाग भरलेला असला पाहिजे, असा डबाबंद फळांचा नियम आहे. तो ८० टक्केच भरला, तर माल कमी दर्जाचा. लेबलवर हापूस आणि आत दुसऱ्याच जातीचा गर, तर लेबल चुकीचे. गर आंबून डबा फुगला, तर अन्न असुरक्षित. पहिल्या दोन बाबतींत प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर जाऊन दंड होतो: कमी दर्जासाठी पाच लाख रुपयांपर्यंत, चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत. तिसऱ्यात फौजदारी खटला होतो. असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवला तर किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. कुजलेले फळ खाऊन कोणाला बाधा झाली, हे सिद्ध करण्याची गरज नाही. पदार्थ कुजलेला आहे, एवढे पुरते. कायद्याने ही भूमिका घेतली नसती तर प्रत्येक जप्तीसाठी आधी एखादा रोगी लागला असता. अन्न कायद्यातला हा सर्वांत शहाणा नियम म्हटला पाहिजे.

४. डब्यांवरच दाखल झालेले खटले

जप्तीची कल्पना नीट समजण्यासाठी अमेरिकेचा इतिहास उपयोगी आहे, कारण तिथे सरकार मालकावर नव्हे तर थेट मालावर खटला भरते. ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध डब्यांच्या इतक्या पेट्या’ अशी त्या खटल्यांची नावे असतात. ही रीत समुद्री कायद्यातून आली. जहाज बंदरात उभे असते आणि मालक परदेशात, म्हणून न्यायालय जहाजालाच प्रतिवादी धरते. खराब अन्नाच्या बाबतीतही माल हाताशी असतो, तर पाठवणारा दूरच्या राज्यात.

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. कृषी खात्याच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख हार्वी वायली यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला होता. कुजलेल्या, घाणेरड्या प्राणिज किंवा वनस्पतिज पदार्थांचे अन्न भेसळीचे मानावे, असे या कायद्याने म्हटले आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असा माल न्यायालयाच्या आदेशाने जप्त करण्याचा अधिकार दिला.

खराब अन्न जप्त करण्याच्या सरकारी अधिकाराची कसोटी फळांवर लागली नाही; अंड्यांवर आणि कोंबड्यांवर लागली. पण ते निकाल डबाबंद फळांनाही तितकेच लागू पडतात. शिकागोच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एका शीतगृहाकडे कोंबडीच्या मांसाची ४७ पिंपे सडली आहेत म्हणून मागितली. शीतगृहाने नकार दिला आणि आधी सुनावणी घ्या असा आग्रह धरला. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सडलेले अन्न नष्ट करण्यापूर्वी सुनावणी घेणे बंधनकारक नाही. माल चांगला होता असे मालकाला वाटत असेल तर त्याने नंतर नुकसानभरपाईचा दावा करावा. १९११ मध्ये हिपोलाइट एग कंपनीचा खटला आला. सेंट लुईसहून पिओरियाला गेलेल्या टिकवलेल्या अंड्यांच्या ५० डब्यांत बोरिक आम्ल सापडले होते. डबे एका बेकरीच्या कोठारात पोहोचले होते. प्रवास संपला, आता केंद्र सरकारचा संबंध उरला नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. बेकायदा माल मूळ बांधणीत जिथे सापडेल तिथे जप्त करता येईल, असे ठरले.

१९३७ मध्ये एका विषारी औषधाने शंभरावर बळी घेतल्यावर, २५ जून १९३८ रोजी अमेरिकेत अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधने यांचा नवा कायदा झाला. आजही तिथली जप्ती याच कायद्याच्या ३०४ व्या कलमाने होते. अशा प्रकरणांचे निकाल सरकार क्रमांक देऊन छापत असे. अळी पडलेल्या चेरी, किडक्या ब्लूबेरी, बुरशी लागलेली फळे यांच्या डब्यांच्या नोंदी त्यांत ओळीने आढळतात. पुष्कळ नोंदींचा शेवट एकाच तऱ्हेचा आहे: कोणीही हक्क सांगायला आले नाही, माल जप्त करून नष्ट करावा. नासक्या मालासाठी न्यायालयात उभे राहणे मालकाला परवडत नाही. वकिलाचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि वर नावही छापून येते.

५. भारतात जप्ती कशी होते

भारतीय कायद्यात मालावर खटला भरण्याची पद्धत नाही. इथे जप्तीचा अधिकार कायद्याच्या ३८ व्या कलमाने अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दिला आहे आणि त्यासाठी त्याला आधी न्यायालयात जावे लागत नाही. महाराष्ट्रात हा अधिकारी अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एफडीएचा, माणूस असतो.

अधिकारी गोदामात शिरतो, माल पाहतो, परवाना आणि खरेदीची बिले तपासतो. डबे कायद्याविरुद्ध आहेत असे वाटले तर तो आधी साक्षीदारासमोर नमुना घेतो. नमुन्याची किंमत बाजारभावाने द्यावी लागते, कारण तपासाच्या नावाखाली फुकट माल उचलायची सोय कायद्याला ठेवायची नव्हती. त्यानंतर उरलेला साठा जप्त होतो. तो ट्रकमध्ये घालून नेलाच पाहिजे असे नाही. बहुधा तो सील करून व्यापाऱ्याच्याच ताब्यात ठेवतात आणि तेवढ्या किमतीचे हमीपत्र लिहून घेता येते. ‘गोदाम सील झाले’ असे बातमीत वाचायला मिळते ते हेच. सील तोडून त्या मालाला हात लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. डबे माणसाच्या खाण्यालायक उरलेले नाहीत इतके बिघडले असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली, तर व्यापाऱ्याला लेखी नोटीस देऊन तो ते नष्टही करवू शकतो.

नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवले जातात आणि चौथा, व्यापाऱ्याने मागणी केल्यास, त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर व्यापाऱ्याला ३० दिवसांत अपील करता येते. मग राखून ठेवलेला भाग वरच्या प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निष्कर्ष अंतिम मानला जातो. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था अशा वरच्या प्रयोगशाळांपैकी एक आहे. जुन्या कायद्यात देशभरात अशा चारच प्रयोगशाळा होत्या आणि त्यांत पुण्याची राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा होती.

दुधाच्या बाबतीत हे चार भाग करणे सोपे आहे: कॅन ढवळायचा आणि चार बाटल्या भरायच्या. डब्यांच्या बाबतीत मात्र खरी अडचण येते. सीलबंद डबा फोडून वाटता येत नाही; फोडला की बाहेरचे जंतू आत जातात आणि पुरावाच बिघडतो. म्हणून एकाच लेबलचे, एकाच बॅचचे न उघडलेले डबे हेच नमुन्याचे भाग धरले जातात. आंब्याच्या पेटीत एक फळ सडले की शेजारच्यांना लागते. डब्यांचे तसे नाही. प्रत्येक डबा स्वतःपुरता बंद असतो. त्यामुळे गळतीने बिघडलेल्या बॅचमध्ये विश्लेषकाकडे गेलेला डबा नासलेला आणि व्यापाऱ्याच्या प्रयोगशाळेत गेलेला डबा उत्तम, असे दोन्ही अहवाल प्रामाणिक असूनही परस्परविरोधी निघू शकतात. अपुऱ्या उष्णतेचा दोष असेल तर असा विरोध सहसा दिसत नाही. किती डबे फुगले, कोणत्या थरातले, कोणत्या कडेला चेपलेले, ही नोंद पंचनाम्यात नीट झाली तरच अहवालांचा अर्थ लावता येतो. डबाबंद मालाच्या प्रकरणात कसून लिहिलेल्या पंचनाम्याचे मोल प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच आहे.

अधिकार इतका मोठा असल्यामुळे त्याला लगामही आहे. ३९ व्या कलमानुसार, पुरेसे कारण नसताना केवळ त्रास देण्यासाठी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम छोट्या दुकानदारांना फारसे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असायला हवे.

जप्ती आणि बंदी यांत गल्लत होऊ नये. एखादा पदार्थ बनवणे, साठवणे, विकणे यांवर अन्न सुरक्षा आयुक्त संपूर्ण राज्यात एक वर्षापर्यंत बंदी घालू शकतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली ती याच अधिकारात. बंदी पदार्थाच्या प्रकारावर असते. जप्ती समोर ठेवलेल्या ठरावीक मालावर असते.

६. उरलेल्या डब्यांचे काय

आता तिसरा प्रश्न. समजा, एका गोदामात आंब्याच्या पल्पच्या २०० पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीत ८५० ग्रॅमचे २४ डबे. म्हणजे ४,८०० डबे आणि ४,०८० किलो पल्प. तपासणीत १४४ डबे फुगलेले निघाले, म्हणजे शेकडा तीन. सगळे फेकायचे की १४४ च?

उत्तर कारणावर ठरते. फुगलेले डबे एखाद्या चेपलेल्या थरातच असतील आणि बाकीच्यांच्या जोडी शाबूत असतील, तर निवडून वेगळे करणे शास्त्राला धरून आहे. पण फुगलेले डबे सगळ्या पेट्यांत सारखे पसरलेले असतील आणि त्यांत उष्णतेतून वाचलेले जंतू सापडले, तर उरलेले ४,६५६ डबे आज सपाट आहेत याचा अर्थ एवढाच की त्यांची वेळ अजून आलेली नाही. प्रयोगशाळा म्हणूनच सपाट डबेही काही दिवस उबदार कपाटात ठेवते आणि ते फुगतात का, आतला पीएच बदलतो का, हे पाहते. आणि फळ मुळातच सडके होते असे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, तर निवडीला जागाच नाही. एकाच कढईतला गर सगळ्या डब्यांत गेलेला असतो.

अमेरिकेच्या कायद्यात या निवडीसाठी स्पष्ट वाट आहे. मालकाने न्यायालयात येऊन दोष मान्य करायचा, हमीची रक्कम भरायची आणि सरकारी देखरेखीखाली स्वतःच्या खर्चाने माल निवडायचा. चांगला माल सुटतो, वाईट नष्ट होतो, देखरेखीचे पैसे मालकाकडून वसूल होतात. चांगले अन्न वाया जाऊ नये आणि खराब अन्न परत बाजारात येऊ नये, या दोन्ही गोष्टी साधणारी ही रीत आहे. भारतात २०१७ च्या नियमांनी उत्पादकावर अशी जबाबदारी टाकली आहे की असुरक्षित ठरलेली बॅच त्याने वितरक आणि दुकाने यांच्याकडून परत मागवावी आणि तिचा हिशेब द्यावा. एका गोदामातली जप्ती त्या बॅचच्या इतर डब्यांपर्यंत पोहोचते ती या वाटेने. जप्तीने समोरचा साठा थांबतो. परत मागवण्याने वाटेतला साठा थांबतो. पहिले झाले आणि दुसरे राहिले, तर तेच डबे दुसऱ्या जिल्ह्यात विकले जातात.

नष्ट करण्याचीही एक पद्धत असते. फुगलेले डबे तसेच खड्ड्यात टाकले तर ते उकरून, पुसून पुन्हा विकले जाण्याची भीती राहते. म्हणून डबे आधी भोसकून किंवा चिरडून निकामी करतात आणि ते साक्षीदारांसमोर करून त्याची नोंद ठेवतात.

व्यापाऱ्याला भरपाई मिळते का, असेही विचारले जाते. खराब ठरलेल्या मालाची किंमत सरकार देत नाही. बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवलेला दुकानदार आपले नुकसान पुरवठादाराकडे मागू शकतो. बिलाविना माल घेतलेल्याला ती वाट बंद असते. बाधा झालेल्या ग्राहकासाठी मात्र कायद्यात स्वतंत्र भरपाई आहे आणि असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास ती किमान पाच लाख रुपये आहे.

७. ग्राहकाच्या हातात काय आहे

फुगलेला, गळणारा किंवा जोडीवर खोल चेपलेला डबा उघडू नये आणि त्यातले फळ चाखून पाहू नये. फळाच्या डब्यात बॉट्युलिनमचा धोका कमी असला, तरी आत बुरशी वाढून आंबटपणा घटला असेल तर तो शून्य राहत नाही, आणि हे विष चवीने कळत नाही. डबा फेकूनही देऊ नये. तोच पुरावा आहे. त्यावरचा बॅच क्रमांक, भरल्याची तारीख आणि १४ अंकी परवाना क्रमांक टिपून ठेवावा, बिल जपावे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. कायद्याच्या ४० व्या कलमाने ग्राहकालाही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि अहवालात पदार्थ कायद्याविरुद्ध निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते.